उवा आठ-दहा दिवसांनी पुन्हा का दिसतात?

अमळनेरहून एका ताईंनी विचारलंय. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. जूनमध्ये शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात डोकं खाजायला लागलं. तेव्हापासून तीनदा उवांचं औषध लावून झालं. दरवेळी चार दिवस बरे जातात आणि आठ-दहा दिवसांत पुन्हा उवा दिसतात. वर्गातल्या बाईंनी चिठ्ठी पाठवली. सासूबाई म्हणतात सीताफळाच्या बिया वाटून लावा, शेजारीण म्हणते रॉकेल चोळा, मुलीचे पप्पा म्हणतात सरळ टक्कल करून टाकू. मुलगी रडते, शाळेत जायला तयार नाही. यापेक्षा जोरदार औषध कोणतं, असा ताईंचा प्रश्न.

ताई, मी लहान मुलांची डॉक्टर. सुरुवातीची वर्षं सातपुड्याच्या पायथ्याशी प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली, तिथल्या आश्रमशाळांमधल्या मुली तपासल्या. आता बरीच वर्षं धुळ्यात दवाखाना आहे. आखाजीनंतर (म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर) आणि शाळा उघडल्यावर हा प्रश्न माझ्याकडे रोज येतो. "मनी आंडेरना डोकामा उवा पडी ग्यात" (माझ्या मुलीच्या डोक्यात उवा पडल्या) हे सांगताना आया दाराकडे बघून आवाज खाली आणतात, जणू काही चोरी झाली घरात. तुम्ही मोकळेपणाने सगळं लिहिलंत हे फार बरं केलंत, कारण उत्तर त्या बारीकसारीक माहितीतच आहे.

औषध बदलण्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी. आठ दिवसांनी दिसलेल्या या उवा आल्या कुठून? औषधाने न मेलेल्या जुन्या, लिखांमधून नव्याने निघालेल्या, की दुसऱ्या कुणाच्या डोक्यातून चढलेल्या? तिन्हींचा इलाज वेगवेगळा आहे. तिसऱ्या प्रकारात तर जगातलं सगळ्यात जोरदार औषध लावलं तरी पंधरा दिवसांत तुम्ही पुन्हा तिथेच येणार.

उवेचं आयुष्य थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं पटेल. पूर्ण वाढलेली ऊ तिळाएवढी, दोन ते तीन मिलिमीटरची. मादी रोज आठपर्यंत अंडी घालते आणि प्रत्येक अंडं केसाला मुळाजवळ डिंकासारखं चिकटवते. तीच लीख. लीख फुटायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. निघालेलं पिल्लू नऊ ते बारा दिवसांत मोठं होतं, आणि त्यानंतर ते स्वतः अंडी घालू लागतं. डोक्यावर ऊ महिनाभर जगते. डोक्यावरून खाली पडली की रक्त मिळत नाही, त्यामुळे एक-दोन दिवसांत मरते. तिला पंख नाहीत आणि उडीही मारता येत नाही. ती फक्त चालते, त्यामुळे बहुतेक वेळा डोक्याला डोकं लागूनच इकडून तिकडे जाते.

आता तुमचे आठ-दहा दिवस बघा. औषधाने चालत्या उवा मेल्या, पण लिखा बहुतेक वाचल्या, कारण अंड्याच्या कवचातून औषध नीट आत जात नाही. त्या लिखा आठवड्याभरात फुटल्या आणि डोकं पुन्हा खाजायला लागलं. तुम्हाला वाटलं औषध फुकट गेलं, म्हणून तुम्ही नवी बाटली आणली. खरं तर पहिल्या बाटलीने तिचं अर्धं काम केलं होतं. उरलेलं अर्धं काम ठरलेल्या दिवशी करायचं होतं, ते करायचं कुणी तुम्हाला सांगितलं नाही. मेडिकलमधून बाटली मिळते, तारीख मिळत नाही.

हे माझं अनुमान आहे. खात्री तुम्ही घरीच करू शकता. पुढच्या वेळी ऊ सापडली की मारून टाकायची घाई करू नका. पांढऱ्या कागदावर ठेवा आणि तिचा आकार बघा. औषधानंतर आठव्या-दहाव्या दिवशी सगळ्या बारीक, खसखशीच्या दाण्याहून जेमतेम मोठ्या असतील, तर त्या लिखांमधून निघाल्या. तिळाएवढ्या मोठ्या उवा तिसऱ्या-चौथ्या दिवशीच सापडल्या तर दोन शक्यता उरतात: औषध लागू पडलं नाही, किंवा दुसऱ्याच्या डोक्यातून आल्या. यातला फरक औषध लावलेल्या दिवशीच कळतो. लावल्यानंतर आठ-बारा तासांनी फणी फिरवा. मेलेल्या किंवा लडखडणाऱ्या उवा निघाल्या तर औषध चालतंय. सगळ्या पहिल्यासारख्या तुरुतुरु पळत असतील तर त्या औषधाला त्या दाद देत नाहीत, मग मात्र औषध बदलायलाच हवं.

दाद न देणं खरोखर असतं, पण माझ्याकडे "औषध चालत नाही" म्हणून येणाऱ्यांपैकी पुष्कळांचं लावण्यातच चुकलेलं असतं. आपल्याकडे मुलींच्या डोक्याला सकाळ-संध्याकाळ तेल. तेलकट केसांवर औषध लावलं की ते वरच्या वर घसरतं. आधी साध्या शांपूने केस धुवा, कंडिशनर लावू नका, टॉवेलने टिपून नुसते ओलसर ठेवा. पाणी गळत असलेल्या केसांवर लावलं तर औषध पातळ होतं. परमेथ्रिन 1 टक्का हे लोशन सगळ्यात जास्त वापरलं जातं. ते मुळांपासून टोकांपर्यंत, कानामागे आणि मानेवर नीट भिजेल एवढं लावून दहा मिनिटं ठेवायचं. घड्याळ लावून दहा मिनिटं, कारण मूल चुळबुळ करायला लागलं की आपण तिसऱ्या मिनिटालाच धुतो. दाट, लांब केसांना एक बाटली पुरत नाही, आणि आपण एकाच बाटलीत तीन मुली उरकतो. धुतल्यावर पुढचे एक-दोन दिवस पुन्हा शांपू नको. आणखी एक: 5 टक्क्यांचं परमेथ्रिन क्रीम खरजेसाठी असतं, मेडिकलवाल्याने ते दिलं तर परत करा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला यातलं काहीच लावू नका.

आता ती तारीख. पहिल्यांदा औषध लावल्यापासून नवव्या दिवशी दुसऱ्यांदा लावायचं, उवा दिसोत वा न दिसोत. नववाच दिवस का, हे समजलं तर तुम्ही तो विसरणार नाही. पहिल्या दिवशी वाचलेल्या बहुतेक लिखा तोवर फुटलेल्या असतात. त्यातलं सगळ्यात आधी निघालेलं पिल्लूही अजून अंडी घालण्याइतकं मोठं झालेलं नसतं. आई होण्याआधी त्या सगळ्या एका फटक्यात सापडतात. चौथ्या दिवशी लावलंत तर निम्म्या लिखा अजून बंदच असतात. अठराव्या दिवशी लावलंत तर काहींनी नवी अंडी घालून ठेवलेली असतात. तुम्ही तीनदा औषध लावलंत, पण दरवेळी डोकं खाजलं तेव्हा. खाजेच्या मागे धावू नका. उवा मेल्या तरी खाज काही दिवस राहतेच.

उशिरा फुटणाऱ्या लिखांसाठी फणी. औषधापेक्षा माझा फणीवर जास्त विश्वास आहे. औषध न मिळणाऱ्या पाड्यांवर मी नुसत्या फणीने डोकी साफ झालेली पाहिली आहेत. प्लॅस्टिकच्या फणीचे दात वाकतात आणि लीख मधून निसटते. मेडिकलमध्ये धातूच्या, लांब आणि एकदम चिकटून दात असलेल्या फण्या मिळतात, ती घ्या. आजीची जुनी लाकडी फणी असेल आणि दात शाबूत असतील तर तीही चालते. इस्राएलमध्ये लाखिश या ठिकाणी सुमारे 3700 वर्षांपूर्वीची हस्तिदंती फणी सापडली. तिच्यावर प्राचीन कनानी लिपीत कोरलेलं वाक्य 2022 मध्ये प्रसिद्ध झालं: या हस्तिदंताने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा उपटून निघोत, अशी प्रार्थना आहे ती. त्या लिपीतलं आजवर सापडलेलं सगळ्यात जुनं पूर्ण वाक्य उवांबद्दलचं आहे. हस्तिदंत परवडणाऱ्या घरातसुद्धा उवा होत्या, हे तुमच्या मुलीला जरूर सांगा.

फणी कशी फिरवायची, ते मी दवाखान्यात करून दाखवते तसंच सांगते. सकाळी नऊच्या सुमाराला ओट्यावर, जिथे ऊन तिरपं येतं तिथे मुलीला पाठमोरी बसवा. केस ओले करा आणि भरपूर कंडिशनर किंवा खोबरेल तेल चोपडा. तेलाने ऊ मरेल याची खात्री नाही, पण ओल्या, बुळबुळीत केसांत तिला पळता येत नाही. आधी साध्या कंगव्याने गुंता सोडवा. मग केसांचे चार भाग करून तीन भाग चापांनी बांधा. एका भागाची बोटाएवढी बट घ्या, फणी टाळूला टेकवा आणि टोकापर्यंत एका दमात ओढा. मग फणी पांढऱ्या फडक्यावर पुसा आणि बघा. फडक्यावर तपकिरी ठिपका दिसेल, थोडं थांबलात तर त्याचे पाय हलताना दिसतील. पुन्हा तीच बट, तशीच. कानामागे आणि मानेच्या खळग्यात सगळ्यात जास्त वेळ द्या, उबेमुळे त्या तिथेच जमतात. लांब केसांना पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासात मुलीच्या हातात मोबाईल दिलात तरी माझी हरकत नाही.

केसांवरचं पांढरं सगळं लीख नसतं. कोंडा बोटाने सरकतो, लीख सरकत नाही. टाळूला चिकटून, अर्ध्या सेंटिमीटरच्या आत असलेली तपकिरी लीख जिवंत समजा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे टाळूपासून तीन-चार सेंटिमीटरवर असलेलं पांढरंशुभ्र कवच काही महिन्यांपूर्वीचं, रिकामं. आपल्याकडच्या उकाड्यात मानेवर ती थोडी दूरही असते, पण ढोबळ हिशोब हाच. रिकामी कवचं बघून चौथ्यांदा औषध लावणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. चालती ऊ दिसली तरच उवा आहेत असं म्हणा.

आता दुसऱ्या डोक्यांकडे येते, माझ्या मते तुमचं खरं दुखणं इथेच असू शकतं. उवा पहिल्यांदाच झाल्या असतील तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. शाळा उघडल्याच्या आठवड्यात तुमच्या मुलीचं डोकं खाजायला लागलं. त्याच्या चार-सहा आठवडे मागे मोजा. आखाजी येते. तेव्हा तुम्ही माहेरी गेला होतात का? आपल्याकडे आखाजीला लेकी घरी येतात, मावस-मामेबहिणी एका झोक्यावर दोघी-तिघी बसतात, रात्री उकाड्यामुळे गच्चीवर एकाच सतरंजीवर ओळीने झोपतात, नाहीतर एका मोबाईलवर चार डोकी जुळवून बसतात. शाळेला दोष देण्याआधी माहेरी फोन करा आणि त्या पोरींची डोकी बघायला सांगा. (तिला पूर्वी कधी उवा झाल्या असतील तर हा हिशोब लागू नाही, तेव्हा खाज एक-दोन दिवसांतच सुटते.)

घरात ती कुणाजवळ झोपते? बहुतेक घरांत उत्तर असतं आजीजवळ. आजीच्या अंबाड्यात कुणी बघत नाही, आणि बघू का असं सुनेने विचारायचं तरी कसं. माझं नाव पुढे करा. "डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी बघायची", असं म्हणा आणि सुरुवात स्वतःच्या डोक्यापासून करा, सासूबाईंनाच बघायला सांगा. मग त्यांचं डोकं बघणं सोपं जातं. मुलगे आणि पप्पाही यात आले. चालती ऊ ज्याच्या डोक्यात सापडेल त्याला त्याच दिवशी औषध, आणि मुलीबरोबर एका अंथरुणावर झोपणाऱ्यालाही. आश्रमशाळेत पहिल्या वर्षी मी फक्त उवा सापडलेल्या मुलींना औषध दिलं होतं, महिन्याभरात सगळं वसतिगृह पुन्हा भरलं. पुढच्या वर्षी एका खोलीतल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी घेतली आणि नवव्या दिवशी पुन्हा गेले. तेव्हा कुठे फरक पडला. माझी ती पहिल्या वर्षीची चूक होती, म्हणून तुम्हाला इतकं बजावून सांगतेय.

घर धुवून काढायची गरज नाही. उशीची खोळ, टॉवेल, डोक्याला बांधायचा रुमाल गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा. कंगवा गरम पाण्यात बुडवा. जे धुता येत नाही ते दोन-तीन दिवस वापरू नका. घरात फवारा मारू नका.

घरगुती उपायांबद्दल मी जरा लांब लिहिणार आहे, कारण उवांनी दगावलेलं मूल मी पाहिलेलं नाही, उपायांनी मरणाच्या दारात गेलेलं पाहिलं आहे. आपल्याकडे डोंगरात सीताफळ मुबलक, त्यामुळे बियांची पूड घरोघरी माहीत. बियांत कीटक मारणारा अंश आहे हे खरं. पण तोच अंश डोळ्याला जाळतो. तळोद्याकडची एक मुलगी माझ्याकडे आणली होती. रात्री बियांची पूड तेलात कालवून डोक्याला लावली, वर फडकं बांधलं, सकाळी नहाताना ते पाणी डोळ्यांत उतरलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही पापण्या सुजून मिटल्या, उजेडाकडे बघवेना, आईच्या पदरात तोंड खुपसून बसलेली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा वरचा थर सोलला गेलाय. तिची नजर वाचली, पण तो आठवडा तिच्या आईने कसा काढला ते मी पाहिलंय. सासूबाईंना हे सांगा. त्या नातीच्या भल्यासाठीच म्हणतायत.

रॉकेल पेट घेतं, टाळू भाजतं, आणि पोटात जाऊन ठसका लागला तर फुप्फुसात उतरतं. कापूर तेलात विरघळवून लावतात, तो लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात. सगळ्यात वाईट म्हणजे कपाशीचं औषध. शेतातल्या खोलीत बाटली असतेच, आणि कुणीतरी म्हणतं, किडीला मारतं ते उवेला मारणार नाही का? काही जाणकार तर सांगतात की दोन्हीत एकाच कुळातलं औषध असतं. सायपरमेथ्रिन आणि परमेथ्रिन एका कुळातली आहेत हे खरं. पण शेतातल्या बाटलीत ते 25 टक्के असतं, तेही घातक द्रावकात. आणि मोनोक्रोटोफॉससारखं औषध तर वेगळंच, ते कातडीतून रक्तात जातं. हाताच्या कातडीपेक्षा टाळूतून जास्त शोषलं जातं, आणि खाजवून टाळूला जखमा झाल्या असतील तर विचारूच नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी गेले, ते धडधाकट माणसं होती. माझ्याकडे एक पोर तोंडाला फेस, घामाने चिंब, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या अशा अवस्थेत आणलं होतं. आईने सांगितलं, उवांचं औषध लावलं. कोणतं औषध हे कळायला वेळ गेला. चुकून असं काही लागलंच तर कपडे काढा, डोकं साबणाने भरपूर पाण्यात धुवा आणि बाटली हातात घेऊन दवाखान्यात धावा. लपवू नका, नाव कळलं की उपचार लगेच सुरू करता येतो.

टक्कल केल्याने उवा जातात, त्यात शंका नाही. पण आठ वर्षांच्या मुलीला विचारून बघा. अशीच केस काढलेली एक मुलगी मी तपासली होती. घसा दाखवायला आली होती, पण टॉर्चच्या उजेडातसुद्धा तिने डोक्यावरचा रुमाल दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता. घसा बघून झाल्यावरही तिचे हात खाली आले नाहीत. फणी सोपी जावी म्हणून खांद्यापर्यंत केस कापणं वेगळं, आणि तेही तिला विचारून.

तुमच्यासाठी तारखा लावून देते. या रविवारी सगळ्यांची डोकी बघा, औषध लावा, आठ-बारा तासांनी फणी. मग बुधवारी आणि शनिवारी फणी. त्यानंतरच्या मंगळवारी, म्हणजे पहिला रविवार सोडून मोजलं तर नवव्या दिवशी, पुन्हा औषध. पुढे शुक्रवार, सोमवार, गुरुवार फणी. या शेवटच्या तिन्ही वेळा फडकं पांढरंच राहिलं तर संपलं. त्यानंतर आठवड्यातून एकदा, रविवारी नहाणं झालं की फणी फिरवत जा.

एवढं करूनही मोठ्या उवा पळताना दिसल्या तर डॉक्टरांना दाखवा. आयव्हरमेक्टिनची गोळी किंवा लोशन आहे. गोळी वजनानुसार आणि दोन वेळा द्यायची असते, 15 किलोच्या आतल्या मुलांना आणि गरोदर बाईला नाही, त्यामुळे स्वतःच्या मनाने नको. टाळूवर पू भरलेले फोड, खपल्या, ताप किंवा मानेच्या मागे दुखऱ्या गाठी असतील तर थांबू नका. तो खाजवून झालेला जंतुसंसर्ग असतो, त्याला वेगळं औषध लागतं.

शाळेचं म्हणाल तर तिला घरी ठेवू नका. डोक्यातल्या उवांनी दुसरा कोणताही रोग पसरत नाही, आणि तिच्या डोक्यात त्या आधीपासून महिनाभर होत्या. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्ससुद्धा उवांसाठी मुलांना शाळेतून परत पाठवू नका असंच सांगते. बाईंना चिठ्ठीचं उत्तर लिहा: औषध सुरू केलं आहे, दुसरा डोस अमुक तारखेला आहे, वर्गातल्या सगळ्या मुला-मुलींच्या पालकांना त्याच आठवड्यात डोकी बघायला सांगाल का, कुणाचं नाव न घेता? बहुतेक बाई हे आनंदाने करतात.

आणि आज संध्याकाळी मुलीला जवळ घेऊन बसा, तिच्या हातात फणी द्या आणि तिला तुमच्या डोक्यात उवा बघू द्या.